तरंगपूरची हद्द आणि दोन सऱ्या ऊस

माणसानं छप्पन्नाव्या वर्षी काय करावं याला काही नियम नाही. कुणी गुडघ्याला तेल चोळतो, कुणी ग्रामपंचायतीला उभा राहतो, कुणी दोन्ही करतो. मी कादंबरी लिहिली. तीही मास्तर आणि मास्तरणीची साधीसुधी नव्हे, चांगली राजघराण्यातली. तरंगपूर आणि शैलगड अशी दोन राज्यं, तरंगपूरची राजकन्या चंद्रवल्लरी, शैलगडचा युवराज अग्निध्वज, त्यांचं चोरटं प्रेम, प्रधान कपटकेतूचा विश्वासघात आणि शेवटी दोन्हीकडची राखरांगोळी करणारं महायुद्ध. शिवाय एक अजस्र उडता प्राणी. तो मी मगरीसारखा रंगवला, कारण कृष्णाकाठच्या वाचकाला घाबरवायचं तर दुसरं काही चालत नाही. मगरीला फक्त पंख लावले.

माझं नाव धैर्यशील. आईवडिलांनी ते फार आशेनं ठेवलं होतं. मी तालुक्याच्या मोजणी कचेरीत भूकरमापक आहे, म्हणजे लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून देणारा सरकारी माणूस. तीस वर्षं हेच करतोय. मोजणीत ज्याचं रान वाढतं तो म्हणतो, "माझंच व्हतं, साहेबांनी काय उपकार केला न्हाई." ज्याचं घटतं तो काय म्हणतो ते इथं लिहिता येत नाही. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी आपण हद्द घालावी आणि तिच्यावर कुणाची हरकत येऊ नये, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. अशी जागा कादंबरीतच मिळते, असा माझा समज होता.

सरकारी नोकराला पुस्तक छापायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. मी रीतसर अर्ज केला. 'विषय : प्रेम, विश्वासघात व युद्ध यांबाबतची कादंबरी प्रकाशित करणेस परवानगी मिळणेबाबत.' दीड महिन्यानं अर्ज शेरा मारून परत आला. 'सदर दोन्ही राज्ये कोणत्या तालुक्यात येतात, याचा खुलासा करावा.' ती काल्पनिक आहेत, असा मी खुलासा केला. त्यावर उत्तर आलं, 'काल्पनिक असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.' असा दाखला कुठं मिळतो हे कचेरीत कुणालाच सांगता येईना. शेवटी तलाठ्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, माझ्याकडं गोष्ट असल्याचा दाखला मिळतो. नसल्याचा न्हाई मिळत." त्याचंही बरोबरच होतं.

घरात कादंबरीची पहिली वाचक माझी बायको अंजना. तिनं सात प्रकरणं भाजी निवडता निवडता ऐकली आणि म्हणाली, "अहो, सात प्रकरणं झाली, तुमच्या राजवाड्यात अजून कुणी जेवलं नाही." मी तिला समजावलं की विरहात राजकन्येला अन्न गोड लागत नाही. ती म्हणाली, "तिला नसेल लागत, पण सैन्याचं काय?" मग आठव्या प्रकरणात मी एक शाही मेजवानी घातली. तिच्यात आख्खा मसूर आणि भाकरी आहे. टीकाकारांना ते खटकेल, पण त्यांच्यासाठी मला घरातली शांतता घालवायची नव्हती.

शेवटाबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकलं नव्हतं. शेवट शोकांत. राजकन्या विष घेते, युवराज रणात पडतो, दोन्ही राजे रिकाम्या राजधान्यांत एकेकटे बसून राहतात. ते प्रकरण लिहिताना मी दोनदा रडलो. मोठं साहित्य कसं असतं याची मला पुसटशी कल्पना आहे, आणि मोठ्या साहित्यात सगळे सुखानं नांदू लागले असं नसतं.

आता अशा कादंबरीला पहिल्या पानावर नकाशा लागतो. तो काढायला मला कितीसा वेळ लागणार? एका रविवारी दुपारी बसलो आणि एका बैठकीत काढला. उत्तरेचा बाण घातला, प्रमाण लिहिलं, चतुःसीमा दाखवल्या. दोन राज्यांच्या मधोमध तो जादूचा स्फटिकस्तंभ, जो कपटकेतू गुपचूप हलवतो आणि युद्ध पेटतं. शेजारी निर्झरकुंड, जिथं राजकन्या आणि युवराज चोरून भेटतात. नकाशा इतका हुबेहूब जमला की माझा मलाच अभिमान वाटला. तो इतका हुबेहूब का जमला, याचा विचार मात्र मी केला नाही.

पलूसला कुतुबुद्दीनभाईंचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. आता ते त्यांची लेक अल्फिया चालवते. माझं हस्तलिखित टाइप करायला मी तिच्याकडं दिलं होतं. ती टाइप करताना वाचायची आणि वाचताना माझ्याकडं असं बघायची की जणू माझं काहीतरी लपवलेलं तिला सापडलंय. नकाशा नेऊन दिला त्या दिवशी तिनं तो बराच वेळ न्याहाळला आणि हळूच विचारलं, "काका, तुमाला कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"काही न्हाई," ती म्हणाली. "छान झालाय." आणि तिनं त्याचा फोटो काढून आपल्या फोनच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'आमच्याकडे सर्व प्रकारची छपाई करून मिळेल.'

मी राहतो ती भोकरवाडी पलूस आणि कुंडलच्या मध्ये आहे. हे माझ्या बायकोचं माहेर. त्यामुळे अख्खं गाव मला दाजी म्हणतं. गावच्या जावयाला मान भरपूर मिळतो, फक्त त्याचं कुणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असतानाच आमच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष ज्ञानू आबा दारात उभे राहिले. गावातली भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटावीत म्हणून ही समिती असते, आणि आबांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

"दाजी, ह्यो नकाशा तुमी काडलाय?"

"हो. तरंगपूर आणि शैलगड."

"कसलं तरंगपूर? आवं, हा गट नंबर दोनशे अकरा आन हा दोनशे बारा. हा नानासोचा मळा, ह्यो बाळासोचा. ओढा त्योच, पाणंद तीच. तुमी त्या चिंचंला 'शापित वृक्ष' लिवलंय, एवढाच फरक."

मी तोंडातला फेस थुंकून नीट पाहिलं. आबा खरं बोलत होते. तीस वर्षं जो हात एकच काम करतो, तो हात राज्यं काढायला बसला तरी गटच काढतो. मी तरंगपूर म्हणून नानासोचं रान काढलं होतं आणि शैलगड म्हणून बाळासोचं, तेही प्रमाणात. निर्झरकुंड नानासोच्या विहिरीवर पडलं होतं. आणि स्फटिकस्तंभ मी नेमका त्यांच्या हद्दीच्या दगडावर उभा केला होता.

हा दगड म्हणजे आमच्या गावचं जुनं दुखणं. एकोणतीस वर्षांपूर्वीपर्यंत नानासो आणि बाळासो जिवाभावाचे दोस्त होते. एकाची बैलं दुसऱ्याच्या रानात चालायची. मग मोजणी झाली, आणि हद्दीचा दगड बसला तो जुन्या बांधापासून दोन सऱ्या, म्हणजे उसाच्या दोन ओळींएवढा, आत, नानासोच्या रानात. नानासोचं म्हणणं, बाळासोनं मोजणीनंतर दगड सरकवला. बाळासोचं म्हणणं, दगड जागच्या जागी आहे, नानासोच्या बापानंच पूर्वी बांध कोरला होता. त्या दोन सऱ्या उसावरून दोघं एकोणतीस वर्षं एकमेकांच्या दारावरून गेलेले नाहीत. आणि आता मोजणी खात्याच्या माणसानं कादंबरी लिहिली होती, तिच्यात एक नीच माणूस हद्दीचा खांब सरकवतो, आणि ही गोष्ट छपाईच्या दुकानातून एव्हाना गावभर झाली होती.

दहा वाजता बाळासो आले. खुर्चीत न बसता उभ्यानंच म्हणाले, "दाजी, तुमी सरकारी माणूस. तुमच्याकडं रेकार्ड असतंया. तुमी उगंच लिवणार न्हाई. तवा त्यो कपटकेतू म्हंजे नानाच न्हवं?" मी म्हणालो, कपटकेतू काल्पनिक आहे. ते डोळा मिचकावून म्हणाले, "कळलं. नाव घेता येत न्हाई तुमाला. नोकरीचं कारण." आणि समाधानानं निघून गेले.

चार वाजता नानासो आले. तेही बसले नाहीत. "कपटकेतूच्या मिशा तुमी पिळदार दावल्यात. गावात तसल्या मिशा कुणाच्या हाईत ते बारकं पोर बी सांगंल. एवढंच इचारतो, त्याला शेवटी शिक्षा हाय न्हवं?" मी म्हणालो, युद्धात सगळेच मरतात. "माझी माणसं बी?" मी मान डोलावली. नानासोंचा चेहरा पडला. "मग आमी फौज वाढवू," असं म्हणून तेही गेले.

त्या आठवड्यात मला मिळालेले सल्ले एका वहीत मावणार नाहीत. धुळा मेंढके रस्त्यात अडवून म्हणाला की मगरीला पंख लावायची गरज नव्हती, ती तशीही लय वंगाळ असते. दूध घालणाऱ्यानं तरंगपूरच्या सैन्यात आपल्या भावाला सुभेदार करा म्हणून गळ घातली. मी त्याला सांगितलं की भरती बंद आहे. तेव्हापासून आमच्या दुधात पाणी वाढलं असा अंजनाला संशय आहे.

गुरुवारी दुपारी मागच्या दारानं दोन माणसं आली. एक नानासोंची लेक पूजा आणि दुसरा बाळासोंचा वीरधवल, जो फौजेत आहे आणि महिन्याच्या सुट्टीवर आला होता. त्यांना एकत्र उभं राहिलेलं पाहूनच मला सगळं कळायला हवं होतं. पण मी राजघराण्यातल्या प्रेमाचा जाणकार, गावातलं प्रेम माझ्या लक्षात येत नाही. अंजनानं मात्र दोघांना आत घेऊन दार लावलं.

"मामा," पूजा म्हणाली, "आमी इहिरीवर भेटतो ते तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. कुठल्या विहिरीवर?"

"निर्झरकुंडावर," वीरधवल खाली बघत म्हणाला.

आता अल्फिया माझ्याकडं तशी का बघायची ते कळलं. ती आणि पूजा कॉलेजातल्या मैत्रिणी. पूजानं पुढचं सांगितलं. नकाशा गावभर झाल्यापासून नानासो चंद्रवल्लरी म्हणजे कोण याचा विचार करायला लागले होते. त्यांना अजून उत्तर सापडलं नव्हतं, पण सावध होऊन त्यांनी कोयनानगरच्या एका स्थळाला निरोप धाडला होता. पाहुणे मंगळवारी येणार होते. पसंती झाली की तिथंच सुपारी फुटणार.

"मुलगा वाईट न्हाई म्हनं," पूजा म्हणाली. "धरणावर नोकरीला हाय. पण मला न्हाई जायचं मामा. आणि आता बाबा नि बाळासो काका एकमेकांचं तोंड बी बघायला तयार न्हाईत. आधी नुसतं बोलत नव्हते. आता दोघं बी तुमच्या लढाईची तयारी करायला लागलेत." तिचे डोळे भरून आले. "ती लढाई काढून टाका."

वीरधवल म्हणाला, "मामा, मी लढाईला भीत न्हाई. पण सासऱ्यावर गोळी कशी चालवायची?"

मी त्यांना म्हणालो, "बाळांनो, मी शेवट बदलला तरी ते दोघं बदलणार आहेत का?" हे मी फार शहाणपणाच्या सुरात बोललो. पोरं उठून गेली. अंजनानं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं आणि ताटात नुसती चटणी-भाकरी वाढली.

शुक्रवारी ज्ञानू आबांची नोटीस आली. समितीच्या शिक्क्यासह. 'आपल्या कादंबरीतील नियोजित युद्धामुळे गावच्या शांततेस बाधा पोहोचत असून, सदर प्रकरण समितीने दाखल करून घेतले आहे. वादी तरंगपूर, प्रतिवादी शैलगड. आपण लेखक या नात्याने रविवारी दुपारी चार वाजता हस्तलिखितासह मारुतीच्या देवळात हजर राहावे. न आल्यास एकतर्फी तह करण्यात येईल.' मी आयुष्यात अनेक नोटिसा बजावल्या आहेत, पण काल्पनिक राज्यांच्या वतीनं मला कुणी नोटीस बजावेल असं वाटलं नव्हतं. सही करून ती घेतली.

दगड कुणीच हलवलेला नाही हे बैठकीत दाखवून द्यावं, म्हणजे भांडणच मिटेल, असा विचार करून मी शनिवारी माळ्यावरची ट्रंक काढली. नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या माझ्या मोजणीच्या वह्या तिच्यात होत्या. हो, ती मोजणी मीच केली होती. हे गावाला माहीत होतं, पण त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं आणि मलाही नाही. वही उघडली. माझं तरुणपणचं गोल अक्षर. पहिली ओळ अशी होती : 'प्रारंभ : विहिरीजवळील दगडापासून.'

मोजणी नेहमी सरकारी खुणेच्या दगडापासून सुरू करतात. तो चौकोनी असतो, अर्धा पुरलेला. विहिरीजवळ असा दगड मला आठवेना. मी नानासोंच्या आईकडं, हरणाबाईंकडं गेलो. म्हातारी नव्वदीला टेकलेली, पण बसल्या जागेवरून सगळ्या मळ्यावर लक्ष.

"आजी, तुमच्या विहिरीजवळ पूर्वी कुठला दगड होता?"

"दगुड? माझा धुण्याचा व्हता की."

"आणि सरकारी?"

"त्यो तिकडं घाणेरीच्या जाळीत. अजून हाय."

"धुण्याचा दगड एकाच जागी असायचा?"

"येडा का काय तू. उनं आली की सावलीला सरकवायची मी."

मी घाणेरीच्या जाळीत शिरलो. अंगभर ओरखडे घेऊन बाहेर आलो तेव्हा सगळं लख्ख झालं होतं. सरकारी दगड जाळीत होता. मी मोजणी सुरू केली होती ती हरणाबाईंच्या धुण्याच्या दगडापासून, आणि तोही त्या दिवशी सावलीला सरकवलेला. दोन सऱ्या उसाचा फरक तिथून आला होता. नानासो खरे होते आणि बाळासोही खरे होते. दगड कुणीच हलवला नव्हता. चुकीच्या जागी तो मी बसवला होता.

कपटकेतू मी होतो.

शनिवारचा उरलेला वेळ मी कसा काढला ते सांगत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. गावचा जावई. चार लोक वाकून नमस्कार करतात. एकोणतीस वर्षांची ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, आणि ती वही चुलीत घालायला दोन मिनिटं पुरली असती. मी खरंच तिच्याकडं दोनदा पाहिलं. मग मला पूजाचा चेहरा आठवला. मंगळवारी ती चहाचे कप घेऊन कोयनानगरच्या पाहुण्यांसमोर बसणार होती, माझ्या चुकीमुळे. मला स्वतःची फार लाज वाटली.

रविवारी देवळात अख्खं गाव. एका बाजूला नानासो आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला बाळासो आणि त्यांची. मधे ज्ञानू आबा, पुढ्यात रजिस्टर. बायका खांबांच्या पलीकडं बसलेल्या, त्यांत अंजना, हरणाबाई, पूजा आणि पलूसहून खास आलेली अल्फिया. आबांनी मला शेवटची तीन प्रकरणं वाचायला लावली. मेजवानीच्या उल्लेखाला एकदा वाहवा झाली. राजकन्येनं विष घेतलं तेव्हा बायकांतून हुंदके आले. लेखक म्हणून मला त्या क्षणी किती आनंद झाला ते मी लपवत नाही.

वाचन संपताच नानासो उठले. "माझी पोर इष घेणार न्हाई. म्हंजे, राजाची. आदी त्या कपटकेतूला देवळात उभा करा."

"करा की," बाळासो म्हणाले. "उभाच हाय त्यो. मगाधरनं बोलतोय."

"मिशा बग आरशात."

"तुज्या बापानं बांध कोरला तवा मला मिशा बी नव्हत्या."

दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहिली. महायुद्ध आता खरोखर हातभर अंतरावर होतं. आबा रजिस्टर आपटून म्हणाले, "दाजी, तुमीच सांगा. दगुड कुणी हलवला? नाव घ्या."

मी वही वर धरली आणि म्हणालो, "मी."

कुणाला काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. सरकारी दगड जाळीत आहे, मोजणी धुण्याच्या दगडापासून झाली, दगड कुणीही हलवला नाही, दोघांनीही कधी लबाडी केली नाही, दोन सऱ्या माझ्या चुकीच्या आहेत. बोलून झाल्यावर बाहेर कुणाची तरी म्हैस रवंथ करत होती तेवढं ऐकू आलं.

"पण दाजी," आबा हळूच म्हणाले, "धुण्याचा दगुड आन सरकारी दगुड. येवढं कसं कळलं न्हाई तुमाला? डोळं कुटं व्हतं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. त्याचं उत्तर मी शनिवारपासून टाळत होतो. पण आता काही उरलंच नव्हतं. "आबा," मी म्हणालो, "मी दगड पाहिलाच नाही. दगडावर धुणं कोण धूत होतं, ते पाहत होतो."

सगळ्या बायकांनी एकदम अंजनाकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढला. हरणाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, "व्हय की गं! त्या दिशी तूच आलीवतीस माज्या गोधड्या धुवाय. आन ह्यो त्या मोजणीच्या फळ्याआडनं टकामका बगत हुता. मला वाटलं सायब मोजतोय."

देवळात हसण्याचा जो स्फोट झाला तो कुंडलपर्यंत गेला असणार. फक्त दोन माणसं हसत नव्हती. नानासो आणि बाळासो एकमेकांकडं बघत होते, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच सरळ. मग दोघं एकदम माझ्याकडं वळले.

"दाजी, आमी लेकराबाळांना एकमेकांच्या दारात जाऊ दिलं न्हाई," नानासो म्हणाले.

"मी ह्याच्या बापाच्या मातीला गेलो न्हाई," बाळासो म्हणाले.

"आन तुमी तवा पोरी बगत हुता?"

"नोकरीवर असताना?"

"सरकारी येळंत?"

यानंतर त्या दोघांनी मिळून मला जे सुनावलं त्याला तोड नाही. एक थांबला की दुसरा सुरू करायचा. एकाला शब्द आठवला नाही तर दुसरा पुरवायचा. सुनावता सुनावता दोघं एकाच सतरंजीवर कधी बसले, ते त्यांनाही कळलं नाही. एकानं तंबाखूची चंची काढली, दुसऱ्यानं जुन्या सवयीनं हात पुढं केला. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला एवढा अपमान आणि एवढा आनंद एकाच वेळी कधी झाला नव्हता.

जरा उसंत मिळाल्यावर वीरधवल उभा राहिला. फौजेत पाय जोडून उभं राहतात तसा. त्यानं बापासमोर आणि नानासोंसमोर दोनच वाक्यांत पूजाला मागणी घातली. आता पुन्हा भडका उडणार म्हणून आबांनी रजिस्टर उचललं. नानासोंनी पोरीकडं पाहिलं. ती रडत होती आणि नजर मात्र खाली घालत नव्हती.

"कोयनानगरला निरोप धाडा," नानासो शेवटी म्हणाले. "पोर गावातच दिली म्हणावं."

"आन दोन सऱ्या?" आबांनी विचारलं. रजिस्टरमधला तो रकाना त्यांना रिकामा ठेवायचा नव्हता.

बाळासो म्हणाले, "त्याच्याच हाईत. घेऊ दे." नानासो म्हणाले, "मला नगं. एकोणतीस वर्सं तू राखल्यास." आता दोन सऱ्या कुणी घ्यायच्या नाहीत यावरून भांडण जुंपणार, तेवढ्यात खांबाआडून हरणाबाई बोलल्या. "गपा दोगं. दोन सऱ्या पूजीच्या. म्हंजे तिकडं बी हाईत आन हिकडं बी हाईत. फोडा सुपारी." देवळातच सुपारी फुटली. आबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'उभय राज्यांत तह झाला. लेखकास समज देण्यात आली.'

माझी शोकांतिका अशी गेली. गावानं युद्ध रद्द केल्यावर लेखक एकटा काय करणार? मी कचेरीत माझ्या चुकीचा अर्ज स्वतःच देऊन आलो, यंत्रानं नव्यानं मोजणी झाली आणि साहेबांनी मला फक्त इतकंच विचारलं की गोधड्या किती होत्या. कादंबरीला परवानगी अजून आलेली नाही. अल्फियानं मात्र लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला माझा नकाशा छापला, पाहुण्यांना मळा सापडावा म्हणून. पाचशे प्रती निघाल्या. ते माझं पहिलं प्रकाशित साहित्य.

लग्न नानासोंच्या मळ्यात झालं. अंतरपाट कुणी धरायचा हा विषय निघाला तेव्हा दोन्ही व्याह्यांनी कुणालाही न विचारता माझं नाव सांगितलं. ही शिक्षा होती की मान, ते मी विचारलं नाही. वधू आणि वराच्या मधे पांढरं कापड धरून मी उभा राहिलो. दुसरं टोक अंजनाच्या भावाच्या हातात. मंगलाष्टकं चालू असताना नानासो माझ्या एका खांद्याशी आणि बाळासो दुसऱ्या खांद्याशी उभे होते, आणि कापड जरा कुठं कललं की दोघं एका सुरात म्हणत होते, "सरळ धरा दाजी, सरळ."

मी जिवापाड सरळ धरलं. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री लागली, भटजींनी खूण केली. तीस वर्षांत मी इतक्या हद्दी घातल्या, पण काढून टाकायला सांगितलेली ती पहिलीच. मी कापड सोडलं. पूजानं वर पाहिलं आणि ती हसली, आणि मी भर मांडवात, दोन्ही व्याह्यांच्या देखत, पोटभर रडलो.